अंध वादकाचा कीबोर्ड त्यालाच हाताळून निवडू द्या

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

दिवाळी आणि ३ डिसेंबरचा जागतिक दिव्यांग दिन जवळ आला, की अंध मुलांच्या शाळांना आणि वसतिगृहांना वाद्ये भेट देण्याची लगबग सुरू होते. पूर्वी या भेटींत पेटी-तबल्याची जोडी असे. आता बहुतेक वेळा कीबोर्ड असतो. देणाऱ्यांची आस्था मी जवळून अनुभवली आहे. मी स्वतः जन्मापासून अंध आहे, गेली सव्वीस वर्षे पेटी आणि कीबोर्ड शिकवतो आहे, आणि माझ्या हाती आलेले पहिले वाद्यही असेच कुणा अनोळखी माणसाने दिलेले होते. अंध मुलामुलींचे पालकही अनेकदा फोन करून विचारतात, की कोणता कीबोर्ड घ्यावा. त्या सगळ्यांना एकेकट्याने सांगण्याऐवजी आपल्या वृत्तपत्रातून एकदाच सविस्तर लिहावे, असे वाटले.

मागच्या वर्षी एका निवासी शाळेत मला परीक्षेसाठी बोलावले होते. तिथल्या कपाटात एक नवा कोरा, चांगल्यापैकी महाग कीबोर्ड आठ महिने पडून होता. दात्याने मनापासून दिलेला, आवाजही सुरेख. परंतु त्याचा वरचा भाग काचेसारखा सपाट होता आणि सगळी बटणे त्या सपाट भागावर केवळ प्रकाशाने उमटणारी होती. मुलांनी चाचपण्यासाठी बोट फिरवले, की कुठला तरी टोन, म्हणजे वाद्याचा आवाज, बदलायचा, लयीची टकटक करणारा मेट्रोनोम सुरू व्हायचा किंवा आवाज एकदम बंद व्हायचा, आणि काय झाले ते कोणालाच कळायचे नाही. डोळस शिक्षक आले तरच तो कीबोर्ड वाजणार, अशी स्थिती झाल्यावर मुलांनी त्याचा नाद सोडला. त्याच शाळेत एक जुना, रंग उडालेला, कुणीतरी वापरून दिलेला कीबोर्ड होता. त्याची बटणे उंचवट्याची होती आणि त्यासाठी मुलांचे नंबर लागत होते. हे दृश्य मला फार लागले, कारण त्या महागड्या भेटीचे पैसे वाया जाण्याचे कारण एवढेच होते, की विकत घेण्यापूर्वी तो एकाही अंध माणसाच्या हाताखालून गेला नव्हता.

आपल्याकडे दृष्टी गेलेल्या मुलाला गाण्या-वाजवण्याकडे वळवण्याची रीत जुनी आहे. कुरुंदवाडला १८७२ मध्ये जन्मलेल्या विष्णु दिगंबर पलुस्करांच्या डोळ्यांना लहानपणी फटाक्याने इजा झाली आणि मिरजेला बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे त्यांचे संगीतशिक्षण सुरू झाले. जन्मांध रवींद्र जैन यांनी मुंबईच्या चित्रपटसृष्टीत पेटी समोर घेऊन कित्येक दशके चाली बांधल्या. पेटी अंध माणसाला इतकी जवळची का वाटते, हे थोडे उलगडून सांगायला हवे, कारण कीबोर्डची निवड त्यावरूनच करता येते. पेटीत लपलेले काही नसते. कोणत्या खुंट्या ओढलेल्या आहेत ते हात फिरवल्यावर समजते. भात्यात हवा किती आहे ते डाव्या तळहाताला जाणवते. आणि स्केलचेंजर पेटी असेल, तर पट्ट्यांची पूर्ण चौकट प्रत्यक्ष सरकते, तेव्हा सूर किती घरे वर नेला ते बोटांनी मोजता येते. कीबोर्डमध्ये यातले पुष्कळ काही स्क्रीनवरच्या आकड्यांत जाऊन बसते, आणि ते आकडे बोलत नाहीत.

याचा सर्वांत मोठा फटका ट्रान्सपोजमध्ये, म्हणजे बटण दाबून सगळ्या पट्ट्यांचे सूर एकदम वर-खाली सरकवण्याच्या सोयीत, बसतो. काही वर्षांपूर्वी गणेशोत्सवातील एका कार्यक्रमात माझ्या बोटाचा धक्का ट्रान्सपोजच्या बटणाला लागला. मला ते कळले नाही. गायिकेने काळी चार या सुरात सुरुवात केली, तिचा तानपुरा बरोबर होता, मी मात्र अर्धा स्वर वर वाजवत होतो, आणि चूक कीबोर्डमध्ये आहे हे लक्षात येईपर्यंत मुखडा संपला होता. डोळस वादकाने स्क्रीनकडे एक नजर टाकून ही चूक दोन सेकंदांत सुधारली असती. तेव्हापासून कोणताही कीबोर्ड हाती आला, की मी सर्वप्रथम एकच गोष्ट पाहतो: ट्रान्सपोज शून्यावर परत आणण्याचा न पाहता करता येईल असा मार्ग त्यात आहे का? पुष्कळ कीबोर्डवर अधिक आणि उणे ही दोन बटणे एकदम दाबली, की ते मूल्य मूळ जागी येते. ही सोय असेल, तर निम्मी काळजी मिटते. नसेल, तर कीबोर्ड बंद करून पुन्हा सुरू केल्यावर तो शून्यावर येतो की आधीचेच मूल्य धरून ठेवतो, हे दुकानातच तपासावे. शिवाय मोबाइलवर तानपुऱ्याचे ॲप लावून काळी एक त्याच्याशी जुळवून पाहण्याची सवय विद्यार्थ्यांना पहिल्या महिन्यापासूनच लावावी, असे माझे मत आहे.

दुसरी पाहण्याची गोष्ट म्हणजे आकड्यांची बटणे. शून्य ते नऊ अशी स्वतंत्र, उंचवट्याची आणि टेलिफोनप्रमाणे मांडलेली बटणे असलेला कीबोर्ड अंध वादकाला सर्वांत सोयीचा. टोनचे बटण दाबायचे आणि तीन आकडे दाबायचे: पूर्वीचा टोन कोणताही असो, आपण नेमके हव्या त्या ठिकाणी पोहोचतो. याउलट केवळ गोल फिरणारी, कुठेही न थांबणारी डायल असेल, तर आपण कोणत्या आकड्यावर उभे आहोत हेच ठाऊक नसल्यामुळे पुढे किती घरे जायचे ते मोजूनही उपयोग होत नाही. डायल असायलाच हवी असेल, तर निदान ती टकटक अशी अडखळत फिरणारी असावी. आवाजाची खुंटी मात्र दोन्ही टोकांना अडणारी हवी. ती जुन्या रेडिओसारखी असली, की वाजवण्यापूर्वी पूर्ण मागे फिरवून मग पाव फेरा पुढे आणता येते, आणि शांत सभागृहात अचानक कानठळ्या बसवणारा सूर निघण्याचा धोका राहत नाही.

याच्याच जोडीने सुरू होतानाची स्थिती पाहावी. यंत्र सुरू केल्यावर ते दर वेळी त्याच टोनवर, त्याच लयीत, त्याच आवाजात उघडत असेल, तर तो अंध वादकाचा हक्काचा उंबरठा असतो. मेनूमध्ये वाट चुकली, तर बंद करून पुन्हा उंबरठ्यावर यायचे. यामाहाच्या पीएसआर-ई मालिकेतील कीबोर्डवर सर्वांत उजवीकडची पांढरी पट्टी दाबून धरून यंत्र सुरू केले, की साठवलेल्या नोंदी पुसल्या जाऊन यंत्र मूळ स्थितीत येते, आणि सर्वांत डावीकडची पट्टी दाबून धरून सुरू केले, की काही वेळ न वाजवल्यास यंत्राने आपोआप बंद होण्याची सोय रद्द होते. ही दुसरी युक्ती आमच्या फार उपयोगाची आहे, कारण भजनाच्या मध्यंतरात कीबोर्ड आपोआप बंद पडला, तर डोळस माणसाला दिवा विझलेला दिसतो, आम्हाला पुढचा सूर दाबल्यावरच कळते. माहितीपुस्तिकेत या गोष्टी असतात. फक्त त्या शेवटच्या पानांत असतात आणि विक्रेत्यांना सहसा माहीत नसतात.

पट्ट्यांच्या मापाबद्दल फार लिहिण्याची गरज नाही. दोन आणि तीन काळ्या पट्ट्यांचे गट हीच आमची वाटाडी खूण असते आणि ती प्रत्येक कीबोर्डवर सारखीच असते. लहान मुलासाठी म्हणून बारीक पट्ट्यांचा खेळण्यातला कीबोर्ड मात्र घेऊ नये. अंध विद्यार्थ्याचा हात अंतरे पाठ करतो. सप्तकाचे सुमारे साडेसोळा सेंटिमीटरचे प्रमाण माप एकदा हातात बसले, की ते आयुष्यभर साथ देते, आणि चुकीचे माप बसले तर ते पुसायला वर्ष जाते. पेटीच्या पट्ट्या कीबोर्डपेक्षा किंचित अरुंद असतात, तेवढ्या फरकानेही माझ्या विद्यार्थ्यांची बोटे सुरुवातीला शेजारच्या पट्टीवर पडतात. पट्ट्यांवर अक्षरांचे किंवा ब्रेलचे स्टिकर लावण्याचाही मी सल्ला देत नाही. बोट सरकताना ते अडतात आणि विद्यार्थी गटांवरून वाट शोधायला शिकत नाही.

ने-आण करायची असल्याने वजनाचा विचार नीट करावा लागतो. अंध वादकाचा एक हात पांढऱ्या काठीसाठी किंवा सोबत्याच्या खांद्यासाठी गुंतलेला असतो, त्यामुळे वाद्य पाठीवरच न्यावे लागते आणि एसटीत चढताना ते दारात अडकू नये एवढे आटोपशीर असावे लागते. कॅसिओचा सीटी-एस२०० हा ६१ पट्ट्यांचा कीबोर्ड ३.३ किलो वजनाचा आहे, त्याला धरण्यासाठी मूठ आहे आणि तो सहा पेन्सिल सेलवर चालतो. मात्र त्यात स्क्रीन आणि फिरणारी डायल आहे, हे लक्षात घेऊन तो हाताळून पाहावा. यामाहाच्या पियाजेरो मालिकेतील एनपी-१२ हा साडेचार किलोचा, ६१ पट्ट्यांचा आणि अवघ्या दहा टोनचा. त्याला स्क्रीनच नाही, त्यामुळे डोळस आणि अंध वादक त्याच्यासमोर अगदी बरोबरीने बसतात. ज्याला पियानो शिकायचा आहे त्याच्यासाठी मी तो आनंदाने सुचवतो. पुढे याच मालिकेत एनपी-१५ आला. परंतु ज्याला भजन, भावगीत, लावणी आणि ऑर्केस्ट्रा यांत साथ करून चार पैसे मिळवायचे आहेत, त्याला भारतीय टोन आणि ठेके लागतात, आणि तिथे यामाहाचा पीएसआर-आय५०० किंवा कॅसिओचा सीटी-एक्स८७०आयएन यांसारख्या खास भारतासाठी बनवलेल्या कीबोर्डकडे वळावे लागते. यांत शेकडो टोन असतात. म्हणूनच तिथे आकड्यांनी थेट टोन गाठता येणे आणि आपली निवड साठवून एका बटणावर परत आणता येणे या दोन सोयींना मी सर्वाधिक गुण देतो. घरी निवांत बसून, डोळस मित्राच्या मदतीने, प्रत्येक गाण्याचा टोन, ठेका, लय आणि ट्रान्सपोज एकत्र साठवून ठेवावा. मंचावर एकच बटण दाबायचे. माझ्या एका विद्यार्थिनीने अशी बत्तीस गाणी साठवली आहेत आणि ती त्यांची यादी हरिपाठासारखी म्हणून दाखवते.

ज्या सोयींसाठी जादा पैसे मोजू नयेत, त्याही सांगतो. पट्ट्या उजळून शिकवणारे कीबोर्ड आम्हाला निरुपयोगी आहेत. स्क्रीनवर बोटांचे क्रमांक दाखवणारे पाठही तसेच. खोक्यावर छापलेली टोनची मोठी संख्या पाहून दाते भारावतात; प्रत्यक्षात मी सव्वीस वर्षांत नियमितपणे वापरलेले टोन पंचविसाच्या वर गेलेले नाहीत. त्याऐवजी हेडफोनची खोबण आणि बाहेरून आवाज आत घेण्याची खोबण, या दोन्ही आहेत ना ते पाहावे. दुसऱ्या खोबणीला मोबाइल जोडला, की स्क्रीनरीडरचा, म्हणजे स्क्रीनवरचा मजकूर वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरचा, आवाज आणि कीबोर्डचा आवाज एकाच हेडफोनमध्ये येतो आणि रेकॉर्ड ऐकत, शब्द ऐकत सराव करता येतो.

वाद्य घरी आल्यावर त्याला आपलेसे करण्याचा खर्च दहा रुपयांहून अधिक नाही. कपाळाला लावायची जाड मखमली टिकली हे त्यासाठीचे उत्तम साधन आहे. माझ्या पत्नीने माझ्या कीबोर्डवर तीन टिकल्या लावल्या आहेत: एक आकडा पाचवर, एक टोनच्या बटणावर आणि एक ठेका थांबवण्याच्या बटणावर. सगळ्याच बटणांवर खुणा केल्या, तर एकही खूण उरत नाही. त्यानंतर टोनची यादी मोबाइलमध्ये साध्या मजकुराच्या रूपात भरून घ्यावी, म्हणजे टॉकबॅकसारखा स्क्रीनरीडर ती वाचू शकतो. कंपन्यांच्या पुस्तिकांत ही यादी अनेक रकान्यांच्या तक्त्यात असते आणि स्क्रीनरीडर ती आडवी वाचत गेल्याने टोनचे नाव एका ठिकाणी आणि क्रमांक दुसऱ्याच ठिकाणी ऐकू येतो. एका डोळस भावंडाच्या रविवारच्या दोन तासांत हे काम होते.

संगणक वापरणाऱ्यांसाठी आज आणखी एक दार उघडे आहे. १९८३ पासून रूढ असलेल्या मिडी या पद्धतीमुळे कोणताही यूएसबी असलेला कीबोर्ड संगणकाला जोडता येतो, मग टोन आणि ट्रान्सपोज कीबोर्डच्या मुक्या स्क्रीनवर न शोधता बोलणाऱ्या संगणकावर निवडता येतात. विंडोजवरचा एनव्हीडीए हा मोफत स्क्रीनरीडर दोन अंध ऑस्ट्रेलियन तरुणांनीच सुरू केलेला आहे, आणि रीपर या ध्वनिमुद्रणाच्या सॉफ्टवेअरला ओसारा हे जोड-सॉफ्टवेअर लावले, की अंध माणूस संपूर्ण ध्वनिमुद्रण स्वतः करू शकतो. नेटिव्ह इन्स्ट्रुमेंट्स या जर्मन कंपनीने आपल्या कम्प्लीट कंट्रोल कीबोर्डमध्ये तर एक पाऊल पुढे टाकले: कीबोर्डवरचा नॉब फिरवला, की त्याचे नाव आणि मूल्य संगणक बोलून दाखवतो. तो महाग आहे, संगणकाशिवाय वाजत नाही आणि भजनी मंडळाच्या कामाचा नाही. पण करायचे ठरवले तर काय होऊ शकते, ते त्यातून दिसते.

मोठ्या कंपन्यांना हे अशक्य नाही, याचा जुना दाखलाही आहे. अमेरिकेतील रे कुर्झवाइल यांनी १९७६ मध्ये अंधांसाठी छापील मजकूर वाचून दाखवणारे यंत्र बनवले. त्याचे सुरुवातीचे ग्राहक होते अंध गायक-वादक स्टीव्ही वंडर. दोघांच्या स्नेहातून आणि संभाषणातून १९८२ मध्ये कुर्झवाइल यांची वाद्यकंपनी उभी राहिली आणि १९८४ मध्ये खऱ्या पियानोच्या जवळ जाणारा के२५० हा कीबोर्ड बाजारात आला. ज्या वाद्यप्रकाराच्या इतिहासात एका अंध वादकाचा एवढा वाटा आहे, त्याच वाद्याच्या आजच्या स्वस्त प्रतिकृतीत एखादे बटण दाबल्यावर ‘ट्रान्सपोज अधिक एक’ एवढे तीन शब्द ऐकू येऊ नयेत, याचे मला मनापासून वाईट वाटते. शेकडो वाद्यांचे आवाज साठवणाऱ्या यंत्रात दहा आकडे आणि पाच-सात शब्द साठवण्यास कितीशी जागा लागणार?

आपल्या कायद्यातही याला आधार आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम ४३ मध्ये, सर्वांना वापरता येतील अशा रचनेच्या ग्राहकोपयोगी वस्तूंचा विकास, उत्पादन आणि वितरण यांना शासनाने चालना द्यावी, असे स्पष्ट म्हटले आहे. महाराष्ट्रात तर डिसेंबर २०२२ पासून स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभाग आहे, आणि ग्रामपंचायतींपासून महापालिकांपर्यंतच्या स्थानिक स्वराज्य संस्थांनी आपल्या स्वउत्पन्नाच्या पाच टक्के रक्कम दिव्यांगांसाठी खर्च करायची असते. या निधीतून कुठे वाद्ये घेतली जाणार असतील, तर खरेदीच्या अटींत ‘६१ पट्ट्या, प्रमाण माप, स्पर्शाने ओळखता येणारी आकड्यांची बटणे, साठवणीची बटणे, सेलवर चालण्याची सोय’ एवढी एक ओळ घालावी, अशी माझी संबंधित अधिकाऱ्यांना विनंती आहे. भारतासाठी खास कीबोर्ड बनवणाऱ्या कंपन्यांना विनंती, की त्यांनी टोनची यादी आणि पुस्तिका साध्या मजकुराच्या रूपात, शक्य तर मराठीतही, संकेतस्थळावर ठेवावी. बोलणारा कीबोर्ड येईल तेव्हा येईल. ही यादी पुढच्या आठवड्यातही देता येईल.

वाद्यांच्या दुकानदारांनाही माझे एक सांगणे आहे. अंध ग्राहक आला, की त्याच्यासोबतच्या डोळस माणसाशी बोलू नये. कीबोर्ड खोक्यातून काढून, सुरू करून, त्याच्यासमोर ठेवावा आणि पंधरा मिनिटे त्याला एकट्याला हाताळू द्यावा. त्याने कुणालाही न विचारता टोन बदलून परत पहिल्या टोनवर येऊन दाखवले, तर तो कीबोर्ड त्याचा. आणि दात्यांनी भेट देण्यापूर्वी त्या शाळेतील एखाद्या मोठ्या विद्यार्थ्याला दुकानात सोबत न्यावे. ज्या शाळेचा मी वर उल्लेख केला, तिथल्या दात्यांना हे समजल्यावर त्यांनी स्वतः येऊन तो सपाट कीबोर्ड एका डोळस मुलांच्या संगीतवर्गाला दिला, आणि यंदा नववीतल्या दोन मुलांना घेऊन ते दुकानात जाणार आहेत.

आपला विश्वासू,
एक अंध संवादिनीवादक व संगीतशिक्षक,
मिरज